दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशोब कोणत्या क्रमाने करायचा

न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला सुटलेलं विमान लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोहोचतं. तिकिटावरच्या वेळा वजा केल्या की बारा तास येतात आणि माणूस निवांतपणे सगळ्यांना सांगत सुटतो, ‘बारा तासांचा प्रवास आहे.’ प्रत्यक्षात तो सात तासांचा असतो. याउलट सिडनीहून सकाळी दहाला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी सहा-चाळीसला उतरतं. इथे वजाबाकी उणे येते, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे निदान कळतं तरी. घात होतो तो पहिल्या प्रकारात, कारण चुकीचं उत्तर दिसायला शहाणं असतं.

अंतर, विमानाला लागणारा वेळ आणि दोन गावांच्या घड्याळांतला फरक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच वेळी सोडवायला गेलं की गोंधळ ठरलेला. खालचा क्रम पाळा आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## बसण्याआधी हाताशी काय हवं

दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड, त्यांचे अक्षांश-रेखांश, प्रवासाची नेमकी तारीख आणि दिशा. तारीख आणि दिशा बहुतेक जण अगदी शेवटी बघतात. पण एकाच मार्गाला जाताना आणि येताना सारखा वेळ लागत नाही आणि जानेवारीतला हिशोब जुलैत चालत नाही, म्हणून त्या कागदाच्या वरच लिहून ठेवा. फोनवरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. तो ‘डिग्री’वर आहे ना, एवढं बघा. ‘रेडियन’वर राहिलेला कॅल्क्युलेटर न कुरकुरता भलतंच उत्तर देतो.

## टप्पा १: शहर सोडा, विमानतळ पकडा

शहरापासून शहरापर्यंत मोजलेलं अंतर इथे कामाचं नाही. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत आणि त्यांच्यात साठेक किलोमीटरचं अंतर आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक आणि आणखी काही आहेत. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या राज्यातलं न्यूअर्क. शिवाय शहराचा म्हणून वेगळा कोड असतो, तोही तीन अक्षरांचाच. ‘एलओएन’ म्हणजे लंडनचे सगळे विमानतळ, ‘एलएचआर’ म्हणजे फक्त हीथ्रो. शोधताना शहराचा कोड टाकला की कोणत्या विमानतळाचा आकडा हाती येईल याचा भरवसा नाही.

सारख्या नावांचा घोटाळा त्याहून महागडा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे (एसवायडी) आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे (वायक्यूवाय). चुकून या दुसऱ्या सिडनीला जाऊन उतरलेले प्रवासी खरोखर आहेत. सॅन होझे कॅलिफोर्नियात आहे तसं कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, अलाबामातही आहे.

तपासा: कोडसमोर देशाचं नाव लिहा. दोन्हीकडे देश बरोबर असेल तरच पुढे चला.

## टप्पा २: अक्षांश-रेखांश चिन्हासकट उतरवा

उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. नियम एवढाच, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपण सिडनी ते लॉस एंजेलिस हे उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

सिडनी: −३३.९५, +१५१.१८
लॉस एंजेलिस: +३३.९४, −११८.४१

दुसरी खोच अंश-मिनिटांची. एखाद्या ठिकाणी ३३°५६′ असं दिलेलं असतं आणि लोक ते ३३.५६ असं लिहून मोकळे होतात. अंशाची मिनिटं साठ असतात. ५६ ला ६० ने भागा, ०.९३ येतील, म्हणजे आकडा झाला ३३.९३. हा फरक जमिनीवर चाळीसेक किलोमीटरचा पडतो. बारा हजार किलोमीटरच्या उड्डाणात तो खपून जाईल, पण ज्याने इथे आळस केला तो पुढेही करतोच.

सावध: नकाशांच्या काही साधनांत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. अक्षांश ९० च्या वर कधीच जात नाही. पहिला आकडा १५१ दिसला तर क्रम उलटा आहे हे ओळखा.

## टप्पा ३: अंतर काढा, पण नकाशावर पट्टी ठेवून नव्हे

भिंतीवरच्या सपाट नकाशावर दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ मारली तर ती जवळची वाट नसते. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदू जोडणारी सगळ्यात जवळची वाट म्हणजे त्या बिंदूंमधून जाणाऱ्या आणि गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा लहान तुकडा. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. लंडन ते लॉस एंजेलिस विमान ग्रीनलंडवरून जातं ते म्हणूनच. कुणी वळसा घातलेला नसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांवर दोरा ताणून बघा. तो दोरा नकाशापेक्षा खरं बोलतो.

आकड्यांत काढायचं तर सूत्र असं. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याचा साइन. त्यात मिळवा: पहिल्या अक्षांशाचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे येईल त्याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) घेतला की मधला कोन अंशांत मिळतो. त्या कोनाला १११.१९ ने गुणलं की किलोमीटर. (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाला एवढे किलोमीटर पडतात.)

आपल्या उदाहरणात:

साइनचा गुणाकार −०.३११८.
रेखांशांतला फरक १५१.१८ + ११८.४१ = २६९.५९ अंश, त्याचा कोसाइन −०.००७२.
अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार ०.६८८२. तो वरच्या आकड्याने गुणला की −०.००४९.
बेरीज −०.३१६७.
व्यस्त कोसाइन १०८.४७ अंश.
अंतर सुमारे १२,०६० किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे धरून केलेला हिशोब १२,०५० च्या आसपास जातो. गोल धरल्यामुळे होणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याची. एवढ्यासाठी जड सूत्रांच्या मागे लागू नका. वारा एका रात्रीत याहून मोठा फरक पाडतो. आपण पुढे १२,०५० धरू.

आता तेच गणित चिन्ह चुकवून करून बघा. लॉस एंजेलिसच्या रेखांशाचं उणे चिन्ह विसरलं तर उत्तर येतं सुमारे ८,२९० किलोमीटर. सिडनीच्या अक्षांशाचं विसरलं तर ८,०२०. दोन्ही आकडे दिसायला अगदी सज्जन आहेत आणि दोन्ही जवळजवळ चार हजार किलोमीटरनी खोटे आहेत.

तपासा:
- उत्तर २०,०१५ किलोमीटरपेक्षा जास्त आलं तर ते चूकच. पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू अर्ध्या परिघाहून जास्त दूर असू शकत नाहीत.
- अक्षांशांतला फरक गुणिले १११ एवढं अंतर तरी यायलाच हवं. आपल्याकडे ६७.८९ × १११, म्हणजे साधारण ७,५४०. त्याहून कमी आलं तर मागे जा. पण ही चाळणी भरड आहे. वरचे दोन्ही खोटे आकडे तिच्यातून सुटतात, त्यामुळे चिन्हं डोळ्यांनीच तपासावी लागतात.

सावध, एकक: ‘मैल’ दोन प्रकारचे असतात. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैलांत आणि नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत) बोलतात, विमान कंपन्यांच्या मैलांच्या योजना जमिनीवरच्या मैलांत मोजतात. सिडनी–लॉस एंजेलिस हे एकच अंतर सुमारे ६,५०० सागरी मैल, ७,४९० मैल आणि १२,०५० किलोमीटर असं तीन तऱ्हांनी छापलेलं सापडेल. एकीकडून मैल आणि दुसरीकडून किलोमीटर-ताशी वेग उचलून भागाकार करणारे कमी नाहीत.

## टप्पा ४: विमान खरोखर त्या वाटेने जातं का?

आतापर्यंतचं अंतर हे किमान आहे. विमान उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या ठरलेल्या वाटा पाळतं, वादळं टाळतं, अनुकूल वारा शोधतं, त्यामुळे नेहमीच्या दिवशी काही टक्के जास्त उडतं. इथवर ठीक. पण काही मार्गांवर फरक टक्क्यांत मावत नाही.

हेलसिंकी ते टोकियो घ्या. किमान अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत हा प्रवास साडेनऊ तासांत व्हायचा. मग युक्रेन युद्धामुळे युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेच्या लांब वाटेने जाऊ लागली आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, अंतराचं गणितही तेच. जुन्या लेखातून वेळ उचलणाऱ्याची इथे फजिती होते.

सिंगापूर–न्यूयॉर्कचा प्रकार वेगळा. किमान अंतर १५,३५० किलोमीटरच्या आसपास आणि ती रेघ ध्रुवाजवळून जाते. विमान मात्र त्या दिवशीचे वारे बघून कधी पॅसिफिकवरून जातं, कधी अटलांटिकवरून. म्हणजे एकाच तिकिटावरच्या दोन फेऱ्या पृथ्वीच्या दोन वेगळ्या अंगांनी होऊ शकतात.

म्हणून विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या मागच्या सात-आठ दिवसांच्या वाटा बघा. एका दिवसावर जाऊ नका. तो नेमका वादळाचा असू शकतो. वाट किमान रेघेपासून फार लांब असेल तर पुढच्या टप्प्यात ते लांबलेलं अंतर धरा.

## टप्पा ५: अंतराचा वेळ करा

लांब पल्ल्याची जेट विमानं उंचावर साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातात. अंतराला ९०० ने भागा. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, त्यासाठी अर्धा तास मिळवा. जमिनीवर रांगेत सरकणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणं यासाठी आणखी वीस मिनिटं. गर्दीच्या विमानतळांवर ही वीस मिनिटं हसण्यावारी जातात, पण अंदाजाला चालतात.

तिकिटावरचा ‘कालावधी’ हा गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. वैमानिक मात्र ‘आपला उड्डाणाचा वेळ इतका’ असं सांगतो तेव्हा तो सहसा हवेतलाच वेळ सांगत असतो. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक दिसला म्हणून कुणी खोटं बोललं असं होत नाही. त्यातून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर टेकतं.

आता वारा. दोन्ही गोलार्धांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला हा वारा पाठीशी लागतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. सिडनी–लॉस एंजेलिसवर सरासरी ताशी ४० किलोमीटरचा वारा धरून बघू:

जाताना, वारा पाठीशी: १२,०५० ÷ ९४० = १२ तास ४९ मिनिटं. अधिक ५० मिनिटं. साधारण १३ तास ४०.
वारा नसता तर: १४ तास १३.
येताना, वारा समोरून: १२,०५० ÷ ८६० = १४ तास १ मिनिट. अधिक ५०. साधारण १४ तास ५०.

वेळापत्रकातले आकडेही याच घरातले असतात: जाताना साडेतेरा-पावणेचौदा तास, येताना पंधराच्या आसपास. गंमत बघा, वाऱ्याने जाताना ३३ मिनिटं दिली आणि येताना ३७ काढून घेतली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून हा व्यवहार कधीच बरोबरीत सुटत नाही.

लंडन–न्यूयॉर्कवर (सुमारे ५,५५० किलोमीटर) हा फरक रोज दिसतो. लंडनकडे सात तास, न्यूयॉर्ककडे आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या रात्री एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचलं होतं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. अशा आकड्यांवर बेत आखू नका.

तपासा: तुमचा अंदाज आणि वेळापत्रकातला कालावधी यांत तासाभराहून जास्त फरक असेल तर कारण शोधा. बहुतेकदा ते टप्पा ४ मध्ये सापडतं: वाट लांबलेली असते किंवा मध्ये थांबा असतो.

## टप्पा ६: आता, आणि आत्ताच, घड्याळाला हात लावा

सगळ्या वेळा आधी यूटीसीत (जगभरची घड्याळं जिच्या पुढे-मागे मोजतात त्या प्रमाणवेळेत) न्या, बेरीज तिथेच करा, शेवटी पोहोचण्याच्या गावच्या वेळेत परत आणा. ‘तिकडे आपल्यापेक्षा इतके तास मागे’ असं मनातल्या मनात करणं हे सगळ्या चुकांचं माहेरघर आहे.

सिडनीहून १५ जुलैला सकाळी १० वाजता निघालात. जुलैत सिडनी यूटीसीच्या १० तास पुढे, म्हणून निघण्याची वेळ १५ जुलै, ००:०० यूटीसी. त्यात १३ तास ४० मिळवा: १३:४० यूटीसी. जुलैत लॉस एंजेलिस ७ तास मागे. म्हणजे १५ जुलै, सकाळी ६:४०. निघण्याच्या आधी पोहोचलात, आणि हिशोब बरोबर आहे.

येताना: १५ जुलैला रात्री १०:३० ला निघालात तर ती १६ जुलै ०५:३० यूटीसी. अधिक १५ तास, २०:३० यूटीसी. सिडनीत १७ जुलै, सकाळी ६:३०. आंतरराष्ट्रीय वाररेषेने १६ तारीख जवळजवळ सगळी गिळली. मी एकदा अशाच फेरीत ‘रात्री निघतोय म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचणार’ म्हणून खोली १६ ची घेतली. सतराला सकाळी बॅगा घेऊन उभा राहिलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं, ‘तुम्ही काल आला नाहीत, म्हणून बुकिंग रद्द झालं.’ भांडायला जागाच नव्हती. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+२’ लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत, हा दुसरा खड्डा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. सिडनीत उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. जपान आणि सिंगापूर या भानगडीत पडत नाहीत. परिणाम असा की सिडनी आणि लॉस एंजेलिस यांच्यात जुलैत १७ तासांचा फरक असतो, जानेवारीत १९, आणि मधल्या काही आठवड्यांत १८. न्यूयॉर्क–लंडन फरक एरवी पाच तासांचा, पण मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा चारच. पाठ केलेला फरक वापरू नका, त्या तारखेचा बघा.

सावध: सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. आकडेमोडीत शेवटी ३० किंवा ४५ मिनिटांची चूक येत असेल तर आधी इथे बघा.

## टप्पा ७: मध्ये विमान बदलायचं असेल तर

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे एकच समजू नका. डायरेक्ट विमान मध्ये उतरू शकतं, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. नॉनस्टॉप म्हणजे खरोखर कुठे न थांबणारं.

थांबा असला की प्रत्येक उड्डाणाचं अंतर वेगळं काढून बेरीज करा. लंडन–सिडनी किमान अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलात तर साधारण १७,१८०, म्हणजे जवळजवळ फुकट. दुबईमार्गे १७,५०० च्या आसपास. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० पर्यंत जातं, म्हणजे हवेत किमान चार तास जास्त. तिकीट स्वस्त दिसलं की हा आकडा आधी काढा.

थांब्याचा वेळ काढताना मात्र सरळ वजाबाकी चालते, कारण उतरण्याची आणि पुढच्या विमानाची वेळ एकाच गावच्या घड्याळातली असते. लोक नेमके इथे यूटीसीत शिरतात आणि वर सगळीकडे वजाबाकी करतात.

पण कागदावरचे दोन तास हे दोन तास नसतात. मोठ्या विमानातून बाहेर पडायला पंधरा-वीस मिनिटं, पुढचं गेट उड्डाणाआधी बंद होणार, मध्ये सुरक्षा तपासणीची रांग. अमेरिकेत तर पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी सहसा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं, त्यामुळे व्हिसाचाही प्रश्न येतो. आणि उतरण्याच्या व निघण्याच्या विमानतळांचे कोड पुन्हा एकदा जुळवा. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असलेली तिकिटंही विकली जातात, आणि मधला प्रवास रस्त्याने तुम्हालाच करायचा असतो.

तपासा: पहिल्या उड्डाणाची यूटीसी वेळ शेवटच्या उतरण्याच्या यूटीसी वेळेतून वजा करा. सगळी उड्डाणं आणि सगळे थांबे यांची बेरीज तेवढीच यायला हवी. बरोबर २४ तासांचा फरक आला तर तारीख चुकली आहे. एका तासाचा आला तर उन्हाळी वेळ. काही भलताच आकडा आला तर टप्पा ६ पुन्हा करा, आणि परतीच्या प्रवासाचा हिशोब वेगळ्या कागदावर मांडा.